नारिंगी त्रिकोण

नोव्हेंबरात नारिनची नदी काठाकाठानं थिजत येते
आणि घरात माझी मशीन बोलायला लागते.
पोदोल्स्कची, आईच्या लग्नातली.
उणे तीसला तिचं तेल घट्ट होतं,
म्हणून तिला रेडिएटरशेजारी ठेवते,
आजारी कोकरू ठेवावं तशी.

चौतीस वर्षं मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं.
आता कुणालाच काही शिकवत नाही.
चिंध्या कापते. त्रिकोण, चौकोन, पुन्हा त्रिकोण.
शेजारची बुरूलचा म्हणते, झूराकान एजे,
बाजारात चिनी रजई मिळते, तयार, बाराशे सोमला.
मिळते की, मी म्हणते,
आणि सुईत दोरा ओवायला तिच्याच पोराला हाक मारते.

विकतचं कापड मी घेत नाही.
आमच्याकडे पिकलं पान गळालं
की आलेल्या बायकांना कापडाचे तुकडे वाटतात.
हा निळा तोक्तोसूनचा. घोड्यांचा डॉक्टर, सत्त्याऐंशी वर्षांचा.
हा ठिपक्यांचा काल्यीपाचा:
अकरा बाळंतपणं, आणि शेवटपर्यंत स्वतःचे दात.
वय म्हणे कापडाला चिकटून येतं,
म्हणून ते लेकरांच्या गोधडीत जोडायचं.
याला शास्त्रात आधार नाही.
मला ठाऊक आहे.
जोडते.

लेकीचं नाव जिबेक ठेवलं. म्हणजे रेशीम.
ती मॉस्कोत पॉलिस्टर शिवते.
तळघर, चौदा मशिनी, रस्त्यावरच्या मजुरांची जाकिटं.
पूर्ण जाकीट तिनं कधी शिवलेलं नाही,
तिच्याकडे डावा खिसा असतो.
दिवसाला दोनशे साठ डावे खिसे.
उजव्या खिशाची बाई ताजिक आहे,
दोघींना एकमेकींची भाषा येत नाही,
जेवताना मीठ मात्र एकाच पुडीतलं.

एका रविवारी फोनचा कॅमेरा मी गोधडीवर धरला.
बघ, म्हटलं, आठ टोकं एका बिंदूत आलीत.
ती बघत राहिली.
मग म्हणाली, आई, हे तू फुकट करतेस?
आणि हसली. मीही हसले.
त्या रात्री मशीनला हात लावला नाही.

जानेवारीत ट्रकवाल्याच्या हाती एक पोतं आलं.
चिठ्ठी नाही. उरलेली कात्रणं,
डोळ्यांत घुसणारी नारिंगी, कडेला चंदेरी पट्टी.
असला रंग आमच्या डोंगरात कशालाच नाही,
जर्दाळूलाही नाही.
तीन दिवस पोतं दाराशी, बुटांसोबत.
चौथ्या दिवशी एक त्रिकोण कापला.
दोन सुया मोडल्या.
इस्त्री लावली तर आक्रसला, घरभर टायरचा वास.
जिची लेक तिच्यासारखं कापड, बुरूलचा म्हणाली,
आणि हा तुकडा त्या म्हाताऱ्याशेजारी लावतेस?
जिवंत माणसाचा?
लावते, म्हटलं. हातानं.
अंगठ्याला भोक पडलं, तरी टाके वाकडेच आले.
उसवले नाहीत.

काल वीज गेली.
तिलेक, जिबेकचा धाकटा, सहा वर्षांचा,
बॅटरी घेऊन खोलीभर फिरत होता.
निळ्यावर गेला उजेड, ठिपक्यांवर गेला, बुडाला.
मग एकदम भिंतीइतका लखलखाट.
आजी! आईचा तुकडा पेटला!

पेटला नाही रे, मी म्हटलं.
आणि किती वर्षांनी खडू शोधावा तसा हात झाला माझा.
त्या पट्टीत काचेचे बारीक मणी असतात.
उजेड जिथून येतो ना,
त्या पट्टीला तो तिथंच परत पाठवता येतो.
दुसरीकडे कुठं नाही.
ज्यानं बॅटरी धरली, त्यालाच दिसतो.

म्हणजे मलाच?
तुलाच.

त्यानं बॅटरी बंद केली. लावली. बंद केली.
मग माझ्या हातात दिली, आता तू बघ.
सेल संपले तेव्हा
अस्तराची एक बाजू उघडीच होती,
आणि पोत्यात अजून अर्धा हिवाळा पुरेल एवढी नारिंगी.